संध्याकाळी सातची वीज

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी घरातले दिवे मालवले आणि नऊ मिनिटं पणत्या, मेणबत्त्या, मोबाइलचे टॉर्च लावले. टाळेबंदीतला तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. पण त्या नऊ मिनिटांत भार प्रेषण केंद्रांत बसलेल्या अभियंत्यांवर काय वेळ आली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटनं घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे एकतीस हजार मेगावॅटनं घटली आणि दिवे लागताच तितक्याच वेगानं पुन्हा चढली. कोळशाचे संच इतक्या झटपट खालीवर करता येत नाहीत, कारण बॉयलर तापायला आणि निवायला वेळ लागतो. म्हणून देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी आधी उत्पादन चढवून ठेवलं, नऊच्या सुमारास ते झपाट्यानं उतरवलं आणि लगेच पुन्हा उचललं. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राहिली आणि ग्रिड कुठंही कोलमडली नाही.

जगाच्या विजेचा आज जो प्रश्न आहे, त्याचं मर्म या नऊ मिनिटांत सापडतं. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. किती युनिट तयार झाले, याला जेवढं महत्त्व आहे तेवढंच ते कोणत्या वेळी आणि कुठं तयार झाले यालाही आहे. सौर आणि पवन ऊर्जेवरची आपली चर्चा मात्र बहुतेक वेळा मेगावॅटच्या आकड्यांपाशी थांबते. अमुक राज्यानं इतके गिगावॅट उभारले, तमुक देशानं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. हे आकडे खरे आहेत आणि महत्त्वाचेही आहेत. पण संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळलेला असतो, घराघरांत दिवे, पंखे, एसी, टीव्ही चालू होतात, कारखान्यांची दुसरी पाळी सुरू असते. त्या वेळची वीज कुठून येते, ही या बदलाची खरी परीक्षा आहे.

आधी मागणीचं बघू. २०२४ मध्ये जगानं सुमारे ३१ लाख कोटी युनिट वीज तयार केली. त्यातली जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे दहा लाख कोटी युनिट, एकट्या चीनमध्ये वापरली गेली. भारताचा वाटा दोन लाख कोटींच्या आत-बाहेर. माणशी हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. चीनमध्ये वर्षाला माणशी सुमारे सात हजार युनिट, जगाची सरासरी साडेतीन हजारांच्या वर आणि भारतात जेमतेम चौदाशे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला सुमारे साठ कोटी लोकांच्या घरी अजून वीजच नाही. त्यामुळे जगाची मागणी वाढते आहे ही तक्रार करण्याची गोष्ट नव्हे. ज्यांच्याकडे ती पोचलेलीच नाही त्यांच्या दृष्टीनं ती फार सावकाश वाढते आहे.

२०२४ मध्ये ही मागणी चार टक्क्यांहून थोडी जास्त वाढली. त्यामागची कारणं पाहिली तर तीन गोष्टी पुन:पुन्हा दिसतात. पहिली उष्णता. त्या वर्षीच्या उष्णतेच्या लाटांनी चीन, भारत आणि अमेरिकेत एसी आणि पंख्यांचा वापर एकदम चढवला. दुसरी गोष्ट म्हणजे जे पूर्वी तेलावर किंवा गॅसवर चालायचं ते आता विजेवर येतं आहे. मोटारी, रिक्षा, बस, घर गरम ठेवणारे पंप, कारखान्यातल्या भट्ट्या. आणि तिसरी डेटा सेंटर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातली डेटा सेंटर सुमारे साडेएकेचाळीस हजार कोटी युनिट वापरत होती, म्हणजे जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल असा तिचा अंदाज आहे. दीड टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण ही केंद्रं जगभर सारखी पसरलेली नाहीत. ती ठरावीक शहरांच्या कडेला दाटीनं उभी राहतात. आपल्याकडे ऐरोली, महापे हा पट्टा बघावा. तिथला भार चोवीस तास जवळपास सारखा असतो, त्यामुळे रात्रीची वीज त्यांना दुपारइतकीच लागते.

या वाढत्या मागणीपुढे अक्षय ऊर्जेनं काय केलं? जे केलं ते वीस वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं. २०१० ते २०२३ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभरात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला. भारतात २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत आला तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली होती. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर गेला. जगातलं सौर उत्पादन दर तीन वर्षांनी दुप्पट होत आलं आहे. २०२४ मध्ये जगात केवळ सूर्यावर तयार झालेली वीज ही भारताच्या वर्षभराच्या वीजवापराएवढी होती. त्या वर्षी जल, वारा, सूर्य, अणुऊर्जा हे सगळं मिळून जगाच्या विजेतला कार्बनमुक्त वाटा चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत तर अक्षय ऊर्जेनं कोळशाला मागं टाकलं. ब्रिटनमध्ये १८८२ साली लंडनच्या हॉलबॉर्न व्हायाडक्टवर कोळशाचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं होतं. त्याच देशानं ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफ, बंद केलं.

यात चीनचा वाटा इतका मोठा आहे की बाकीच्या जगाची बेरीज त्यापुढे फिकी पडते. २०२४ या एका वर्षात चीननं सुमारे २७७ गिगावॅट सौर क्षमता बसवली. २०२५ च्या मे महिन्यात, नवा दरनियम लागू होण्याआधीच्या घाईत, एका महिन्यात ९३ गिगावॅट. भारताला पहिले शंभर गिगावॅट गाठायला पंधरा वर्षं लागली, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वेगाचा अंदाज येतो. पॅनेल स्वस्त झालं ते मुख्यत्वे तिथल्या कारखान्यांमुळे. आणि त्याच चीनमध्ये कोळशाची नवी केंद्रंही उभी राहत आहेत. या दोन गोष्टी एकत्र नांदताहेत, कारण मागणी दोघांनाही सामावून घेण्याइतकी वाढते आहे. जगातलं कोळशाचं वीज उत्पादन २०२४ मध्येही विक्रमीच होतं. टक्केवारीत कोळसा घसरला, पण टनांत अजून घसरलेला नाही, आणि हवा टन मोजते.

इथं मेगावॅट आणि युनिट यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण तिथंच बहुतेक चर्चा घसरते. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प महाराष्ट्रात वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिट देतो. एक मेगावॅटचा कोळशाचा संच सत्तर टक्क्यांच्या आसपास चालला तर साठ लाख युनिट देतो. २०२५ च्या जूनमध्ये भारताच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म झाली. पॅरिस कराराखाली दिलेलं हे वचन पाच वर्षं आधी पूर्ण झालं, याचा अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच काळात घरात आलेल्या दर दहा युनिटांतले सुमारे सात कोळशाचेच होते.

आता दिवसाच्या वेळा बघा. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोचली, तो तोवरचा विक्रम. तो दुपारी झाला, आणि दुपारी सूर्य होता म्हणून निभावलं. ग्रिड चालवणाऱ्यांची झोप उडते ती साडेसहानंतर. तासाभरात हजारो मेगावॅट सौर उत्पादन शून्यावर येतं आणि त्याच तासात मागणी चढू लागते. ही चढण कोण भरून काढणार? आज ती कोळसा आणि पाणी भरून काढतात. कोयनेचं १,९६० मेगावॅटचं केंद्र महाराष्ट्राला इतकं मोलाचं आहे ते याच कारणानं. कृष्णा पाणीवाटपाच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वळवायला मिळणारं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. ते चोवीस तास सोडायला पुरत नाही, म्हणून ते जपून, जास्त मागणीच्या तासांनाच वापरलं जातं.

साठवण हे यावरचं उत्तर, आणि त्याचे दोन मार्ग हाताशी आहेत. एक जुना. शहापूरच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे आणि वर घाटमाथ्यावर घाटघर अशी दोन धरणं आहेत. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, कमी पडते तेव्हा तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून जनित्र फिरवायचं. अडीचशे मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. चढवायला जेवढी वीज लागते त्यातली वीस-पंचवीस टक्के वाया जाते. पण दुपारची नकोशी वीज संध्याकाळच्या हव्याशा विजेत बदलते, हा सौदा फायद्याचाच आहे. आता राज्यानं अशा उदंचन प्रकल्पांसाठी धोरण आणलं आहे आणि भिवपुरी, शिरवटा अशा ठिकाणी मोठे प्रकल्प ठरले आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्याची जंगलं आधीच कातरली गेली आहेत, तेव्हा प्रत्येक जागेची छाननी कसून व्हायला हवी. मात्र सगळ्यालाच विरोध करणं मला पटत नाही. जुन्या धरणांना जोडून होणारी साठवण आणि नव्या खोऱ्यात घुसणारी साठवण यांत फरक करता येतो आणि करायलाच हवा.

दुसरा मार्ग बॅटरीचा. इथं गेल्या काही वर्षांत जे घडलं ते सौर पॅनेलच्या कहाणीहूनही वेगवान आहे. २०२२ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या पहिल्या मोठ्या निविदेत बॅटरी साठवणीचं भाडं मेगावॅटला महिना सुमारे १० लाख ८४ हजार रुपये निघालं होतं. दोन-अडीच वर्षांत, केंद्राच्या मदतीसह, काही निविदांत ते अडीच लाखांच्या खाली आलं. कॅलिफोर्नियात आता बॅटऱ्या संध्याकाळच्या काही तासांना राज्याचा सर्वांत मोठा वीजस्रोत ठरतात. जे लोक अजूनही सौर वीज रात्री उपयोगाची नाही असं एका वाक्यात निकाली काढतात, त्यांनी हे दर पाहावेत. चार तासांची साठवण आज परवडते. पावसाळ्यातले सलग आठ-दहा ढगाळ दिवस भागवणारी साठवण अजून परवडत नाही, आणि त्यासाठी पाणी, वारा, अणुऊर्जा किंवा थोडा राखीव कोळसा लागणार आहे. सुदैवानं भारतात वारा नेमका पावसाळ्यातच जोरात असतो. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरात वर्षाचं बहुतेक काम उरकतात.

तारांचा प्रश्न याहून चिवट आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, उच्चदाबाची वाहिनी टाकायला चार-पाच वर्षं जातात. राजस्थानात २०२५ मध्ये भर दुपारी सौर प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागलं, कारण वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या तयार नव्हत्या. जैसलमेरच्या माळरानावर त्याच तारांना आपटून माळढोक मरतो. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यासाठी एके काळी ओळखला जाणारा हा पक्षी आता देशात दीडशेही उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. स्वच्छ वीज आणि नामशेष होणारा पक्षी यांत निवड करावी लागते आहे ती मुख्यतः जागा आणि मार्ग आधी विचार करून न ठरवल्यामुळे.

२८ एप्रिल २०२५ ला भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश अंधारात गेले, तेव्हाही लगेच सौर ऊर्जेच्या डोक्यावर खापर फुटलं. चौकशीतून जे पुढे आलं ते वेगळं होतं. ग्रिडमध्ये व्होल्टेज चढत गेलं, ते आवरण्याचं काम ज्या पारंपरिक केंद्रांकडे होतं त्यांनी ते पुरेसं केलं नाही, आणि सौर-पवन प्रकल्पांना ते करण्याची नियमानुसार मुभाच नव्हती. पाच सेकंदांत सुमारे पंधरा गिगावॅट निघून गेले. जुन्या ग्रिडमध्ये शेकडो टनांची फिरती जनित्रं धक्के आपोआप सोसतात. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या ग्रिडला ते काम शिकवावं लागतं. तंत्र उपलब्ध आहे, पण नियम आणि मोबदला ठरवावा लागतो.

महाराष्ट्रानं या सगळ्यात एक गोष्ट अशी केली आहे की तिच्याकडे देशानं नीट पाहावं. साठवण करून वीज संध्याकाळकडे नेण्याऐवजी इथं मागणीच दिवसाकडे आणली जाते आहे. राज्यात कृषिपंपांचे ग्राहक ४५ लाखांच्या घरात. वर्षानुवर्षं त्यांना थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळीपाळीनं मिळत आली. रात्री अकराला लाईट येणार म्हणजे मोटार चालू करायला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, दारं धरायची, पहाटे परत यायचं. थंडीत गव्हाला पाणी देताना अंगावर शहारे येतात. उसात साप. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये बिबट्या. मध्येच डीपी जळाली की नवं रोहित्र येईपर्यंत पीक वाळतं. रात्रीच्या विजेनं किती जीव घेतले हे गावोगावच्या लोकांना विचारावं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ पासून तिची दुसरी, मोठी आवृत्ती सुरू झाली. उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटचं. कल्पना साधी आहे. तेहतीस-अकरा केव्ही उपकेंद्राच्या काही किलोमीटरच्या परिघात छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथून निघणारे शेतीचे फीडर त्यावर चालवायचे. वीज लांबून आणायची नाही, त्यामुळे वाहिनीतली गळती कमी. युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, तर महावितरणचा पुरवठ्याचा सरासरी खर्च आठ रुपयांच्या पुढे आहे. आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प या दुसऱ्या टप्प्यातला पहिला, २०२४ मध्ये सुरू झालेला. सूर्य असतो तेव्हाच पंप चालले तर बॅटरीची गरजच पडत नाही. पाण्याचा उपसा दुपारी केला काय आणि मध्यरात्री केला काय, पिकाला फरक पडत नाही, ग्रिडला मात्र फार पडतो. जगात ज्या गोष्टीसाठी मोठमोठे अहवाल लिहिले जातात ती इथं शेतीच्या फीडरवर होते आहे.

दोन धोके मात्र आत्ताच दिसतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. दिवसा, मोफत आणि खात्रीची वीज म्हणजे उपसा वाढणार. मराठवाड्यात जिथं बोअर आधीच सहाशे-सातशे फुटांवर गेले आहेत, तिथं पाणी मोजण्याची काही व्यवस्था या योजनेला जोडली नाही तर विजेचा प्रश्न सुटेल आणि विहिरी कोरड्या पडतील.

दुसरा धोका पैशाचा आहे, आणि तो पाकिस्ताननं दाखवून दिला आहे. तिथं २०२४ मध्ये सुमारे सतरा गिगावॅटचे सौर पॅनेल आयात झाले. वीज महाग, भारनियमन नेहमीचं, म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी छपरावर पॅनेल लावून ग्रिडकडे पाठ फिरवली. ग्रिडचा ठरलेला खर्च मात्र तसाच राहिला आणि तो उरलेल्या गरीब ग्राहकांच्या बिलावर चढला. महाराष्ट्रात कारखाने आणि दुकानं जास्त दर भरतात म्हणून शेतीचा आणि गरीब घरांचा दर कमी राहतो. मोठे ग्राहक आपापली सौर वीज घेऊन बाहेर पडू लागले तर ही मांडणी कोसळेल. छतावर सौर लावणाऱ्या मध्यमवर्गाला अनुदान जरूर मिळावं. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा, ज्याला स्वतःचं छप्परच नाही त्याचा दर कोण सांभाळणार, याचं उत्तर नियामक आयोगानं त्याच आदेशात द्यायला हवं. दिवसा ९ ते ५ वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग ही वेळेनुसार दराची पद्धत योग्यच आहे. पण दिवसा कामावर असणाऱ्या बाईला कपडे रात्रीच धुवावे लागतात.

शेवटी जमीन. महाराष्ट्रात अक्षय ऊर्जेचा इतिहास १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रापासून सुरू होतो. सह्याद्रीच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्यापाठोपाठ १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, धरण झालंच आणि १९२७ पासून त्याच धरणाच्या पाण्यावरच्या भिऱ्याच्या केंद्राची वीज मुंबईकडे जाऊ लागली. कोयनेच्या विस्थापितांचे काही प्रश्न अजून सरकारदरबारी पडून आहेत. चंद्रपुरात २,९२० मेगावॅटच्या केंद्राची राख आणि धूर शहराच्या फुप्फुसांत जातो, वीज राज्यभर जाते. कोळशाच्या केंद्रांना उतरती कळा लागेल तेव्हा तिथल्या खाणीतल्या, रेल्वे सायडिंगवरच्या, ट्रक चालवणाऱ्या माणसांचं काय, याचा आराखडा आजपासून हवा.

सौर ऊर्जेत हे वेगळं घडू शकतं. खाजगी जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं, दर वर्षी तीन टक्के वाढीसह, आणि सातबारा त्याच्याच नावावर राहतो. मुळशीच्या शेतकऱ्याला असा करार कुणी देऊ केला नव्हता. पण योजनेतली बरीच जमीन सरकारी आहे, आणि सरकारी म्हणजे अनेक गावांत गायरान. मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या गायरान कसणारी दलित आणि भटकी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे पिकाच्या नोंदी आहेत, दंडाच्या पावत्या आहेत, सातबारा नाही. प्रकल्प आला की ग्रामपंचायतीला तीन वर्षं दर वर्षी पाच लाख रुपये मिळतात. गायरान कसणाऱ्याला त्यातून काही मिळण्याची तरतूद नाही. पॅनेलच्या कुंपणाबाहेर पडलेल्या अशा प्रत्येक कुटुंबाला जमिनीच्या भाड्यात वाटा मिळेल, ही अट सोळा हजार मेगावॅटच्या उरलेल्या प्रत्येक करारात अजूनही घालता येते.